छोट्याच्या नावाचं फोल्डर

ताईने अण्णांचा आवाज पुसला तेव्हा ती मटार सोलत बसली होती. टेबलाच्या एका टोकाला शेंगांचा ढीग, दुसऱ्या टोकाला अण्णांचा लॅपटॉप, आणि पडद्यावर टक्क्यांचे आकडे रखडत रखडत वर चाललेले. मधूनच मान वर करून ती आकडा बघायची आणि पुढची शेंग फोडायची. आपण काय करून बसलोय याची तिला गंधवार्ता नव्हती. उलट ती मनातून खूश होती, आणि त्या खुशीत थोडा खवटपणाही होता. तो कुठून आला ते सांगायचं तर अण्णांपासून सुरुवात करायला हवी.

अण्णा म्हणजे ताईचे वडील. भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेली. माईक त्यांना कधी लागला नाही. बाजारातली माणसं त्यांना तोंडावर भोंगा म्हणायची आणि अण्णांना त्याचा अभिमान होता. घरात ते कुजबुजले तरी शेजारून कुणीतरी ओ द्यायचं. अशा माणसाचा घसा बसला तेव्हा सगळ्यांनी आधी थट्टाच केली. जन्मभर ओरडल्यावर आणखी काय होणार? मग तपासण्या झाल्या, गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर आवाज उरणार नाही. बसका नाही, बारीक नाही, अजिबातच नाही.

इस्पितळातल्याच एका मॅडमनी मार्ग सुचवला. बोलणं गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करणं हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, "आवाज आत्ता घोगरा आहे, पण तुमचाच आहे. मी देते ती वाक्यं घरी शांतपणे वाचून रेकॉर्ड करा. सगळी झाली की एकदम पाठवा. त्यावरून तुमचा आवाज तयार करता येतो. मग तुम्ही टाइप करायचं, आणि लॅपटॉप तुमच्या आवाजात बोलेल."

अण्णांनी जरा विचार केला आणि विचारलं, "म्हणजे माणूस मुका आणि भोंगा चालू?"

मॅडम हसल्या, अण्णाही हसले.

ताईला एवढंच माहीत होतं. आवाज साठवायचं काम चालू आहे, आणि तो मॅडमकडे इस्पितळात कुठेतरी जपून ठेवला जातोय, असं ती धरून चालली होती. खोलात तिने विचारलं नाही, कारण ते काम छोट्या बघत होता. छोट्याचा विषय निघाला की ताई उठून दुसऱ्या खोलीत जायची.

छोट्या हा तिचा धाकटा भाऊ, अण्णांबरोबर जुन्या घरात राहणारा. नाव छोट्या, पण दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच. आई गेली त्या दुपारी ताई त्याला फोनवर फोन लावत होती आणि हा पठ्ठ्या कानांवर हेडफोन चढवून कॉम्प्युटरवर खेळत बसला होता. तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवसापासून ताईने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याने एकदा माफी मागितली, ती तिने ऐकून न ऐकल्यासारखी केली, आणि दुसऱ्यांदा मागायचा त्याला धीर झाला नाही. तेव्हापासून दोघांचे निरोपे म्हणजे अण्णा. एकाच खोलीत बसून ताई म्हणायची, "अण्णा, त्याला सांगा पंखा बंद करायला," आणि अण्णा गरजायचे, "पंखा बंद कर रे!" वर म्हणायचे, "बाजारात या कामाची दलाली तरी मिळायची."

ऑपरेशनच्या आधी अण्णांनी दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं, "लॅपटॉप फार रखडतोय, जरा बघ." ही त्यांची जन्माची खोड. एकच काम दोघांना सांगायचं, म्हणजे एक तरी करेल. मग ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे आली आणि सगळ्यांचीच तारांबळ उडाली. ऑपरेशन पार पडलं. इस्पितळात सकाळची पाळी ताईची, संध्याकाळची छोट्याची, म्हणजे एकमेकांची तोंडं बघायला नकोत. एका संध्याकाळी अण्णांचे कपडे आणायला ताई जुन्या घरी गेली तेव्हा घरात कुणी नव्हतं. टेबलावर लॅपटॉप दिसला. तो तिने उचलला आणि कपड्यांबरोबर पिशवीत घातला. अण्णा घरी येतील तेव्हा त्यांचा नवा भोंगा असा चालायला हवा की बघत राहावं, असं तिच्या मनात होतं.

ताईला यातलं काही कळत नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची, आणि तिथला कुठलाही कॉम्प्युटर कुंथायला लागला की सगळे तिलाच हाक मारायचे. काम चोख. प्रयोगशाळेने तिला एक गोष्ट अशी शिकवली होती की ती तिच्या हाडीमांसी खिळली होती: नळीवर जे नाव, रक्त त्याचं. लेबल वाचायचं. आपलं डोकं चालवायचं नाही.

लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागला की तेवढ्यात तिचा चहा पिऊन कप विसळून झाला. आतली जागा काठोकाठ भरलेली, पट्टी लालभडक. मलमपट्टीचं काम नव्हतं, सगळं पुसून नवी सिस्टीम टाकायला हवी होती. त्याआधी तिने वेगळी हार्ड डिस्क जोडली आणि अण्णांच्या नावाच्या फोल्डरमधलं सगळं तिच्यावर उतरवून घेतलं. आईचे फोटो, विजेची बिलं, जुन्या लिलावांचे व्हिडिओ. उतरवलेला फोटो न् फोटो उघडून पाहिला. आणि मग शेजारी तिला दुसरं फोल्डर दिसलं. नाव होतं छोट्या.

तिने ते उघडायला घेतलं. लॅपटॉपने सांगितलं, तुम्हाला परवानगी नाही.

"परवानगी नाही?" ताई रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली. "माझ्या बापाच्या लॅपटॉपवर मला परवानगी नाही?"

झालं, तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हाताऱ्या वडिलांच्या लॅपटॉपवर वेगळं खातं काढून, वर कुलूप घालून यानं आपले खेळ भरून ठेवलेत! जागा का नाही, तर हे. लॅपटॉप का रखडतो, तर हे. आई गेली त्या दिवशीही हेच. खरं तर आत शिरायचा रस्ता तिला ठाऊक होता, एका बटणाचं काम होतं. पण कशाला? लेबल होतं ना. तिने नव्या सिस्टीमचा पेन ड्राइव्ह लावला, जुनं सगळंच्या सगळं पुसायचं निवडलं. लॅपटॉपने विचारलं, नक्की पुसायचं? गेलेलं परत येणार नाही.

"नक्की," ताई म्हणाली आणि मटार पुढे ओढले.

दुसऱ्या दिवशी अण्णांना लॅपटॉप दाखवायला तिने मुद्दाम इस्पितळातला मुक्काम लांबवला. अण्णा पलंगावर टेकून बसले होते. गळ्यावर पट्टी, पट्टीच्या मधोमध श्वासासाठी नळी, मांडीवर लिहायची पांढरी पाटी. ताईने लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडला. चुटकी वाजवावी तसा तो सुरू झाला. अण्णांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "शाब्बास!" ताईची छाती फुगली.

तेवढ्यात छोट्या आला, वेळेच्या बराच आधी. खांद्याला मॅडमना परत द्यायच्या माईकची पिशवी. ताईला बघून तो दारातच थबकला. ताईनेही आपली पर्स उचलली. मग त्याची नजर लॅपटॉपवर गेली आणि त्याचा चेहरा खुलला. "बरं झालं मागवून घेतलात, अण्णा! घरी शोधून दमलो. आज इथल्या नेटवरून पाठवूनच टाकू," असं म्हणत त्याने लॅपटॉप आपल्याकडे फिरवला, आणि गप्प झाला. एकदा बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा बघितलं.

"माझं नाव कुठे गेलं?" त्याने विचारलं.

ताईला विचारलं. सरळ तिच्या डोळ्यांत बघून. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

सवय इतकी मुरलेली की ताई अण्णांकडेच वळली. "अण्णा, त्याला सांगा, त्याचे खेळ मी पुसून टाकले. म्हणावं, वडिलांच्या वस्तूत असला पसारा..."

अण्णा सांगणार कुठून? त्यांचं तोंड उघडलं होतं, ओठ हलत होते, पण आवाजाचा टिपूस नव्हता. ते ताईकडे असे बघत होते की तिने उचललेली पर्स परत खाली ठेवली.

"ताई," छोट्या म्हणाला, "ते खेळ नव्हते. तो अण्णांचा आवाज होता."

"काहीतरीच काय! आवाज मॅडमकडे आहे."

"पाठवायचा होता. लॅपटॉप मध्येच अडकायचा म्हणून जातच नव्हता. शेवटची वाक्यं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी झाली."

"पण नाव तुझं होतं," ताई म्हणाली. आपला आवाज चिरकतोय हे तिला कळत होतं. "त्याच्यावर नाव तुझं होतं!"

"खातं मी काढलं ना. रेकॉर्डिंगच्या मध्ये मेसेज वाजू नयेत म्हणून वेगळं खातं काढा असं मॅडमनी सांगितलं होतं. लॅपटॉपनं नाव मागितलं, मी सुचलं ते टाकलं."

आणि मग दोघांनी एकदमच एकमेकांना विचारलं, "कॉपी आहे ना?"

कॉपी कुणाकडेच नव्हती. ती पलंगाचा दांडा धरून उभी राहिली आणि तिला वेड्यासारखं काहीतरीच दिसायला लागलं: अण्णांच्या उशीच्या अभ्र्याला एक बटण कमी आहे, पाण्याच्या बाटलीचं झाकण उलटं लागलंय. काल मटार सोलताना आपण गुणगुणत होतो हेही तिला आठवलं. आपणच हे केलं, आपल्या हातांनी, आणि वर खूश होतो. अण्णांनी पाटी पुसली, दोन शब्द लिहिले, "जाऊ दे," आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

छोट्याच्या स्कूटरवर मागे बसून ताई, पुसली गेलेली माहिती परत काढून देणाऱ्या माणसाच्या दुकानात पोचली. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, लॅपटॉप उघडला, काय काय जोडून पाहिलं. दोघं बहीणभाऊ काउंटरला खेटून त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"जुन्या पद्धतीची डिस्क असती तर काहीतरी हाताला लागलं असतं," तो म्हणाला. "ही जात वेगळी. पुसलं की आतल्या आत झाडलोट करून मोकळी होते. आणि तुम्ही वर नवी सिस्टीम टाकलीत. फार नीट काम केलंय हो तुम्ही. काही उरलं नाही."

फार नीट काम केलंय. असलं कौतुक वैऱ्यालाही मिळू नये.

दुकानाबाहेरच्या पायरीवर ताई मटकन बसली. छोट्या एक पायरी सोडून बसला. तिने विचारलं, "होतं काय त्यात?"

"मॅडमची वाक्यं. निळी बरणी वरच्या फळीवर आहे. पाहुण्यांची गाडी चुकली. असली. अण्णा वैतागायचे, म्हणायचे या पाहुण्यांना एकदा पोचवा रे कुणीतरी." छोट्या हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. "शेवटी मॅडम म्हणाल्या, आता तुमची स्वतःची बोला. मग अण्णांनी अख्खा लिलाव पुकारला. कोबीचा. दम लागला तरी थांबले नाहीत. आणि मग आईला हाक मारली. दोनदा. पहिली नीट आली नाही म्हणाले."

ताईने पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर आलाच. येणारे जाणारे बघत होते. आईचं वर्षश्राद्ध सोडाच, आई गेली त्या दिवशीही ती अशी रस्त्यात रडली नव्हती. खरं तर छोट्याला आयती संधी होती. न उचललेल्या त्या फोनसाठी तिने त्याला इतकी वर्षं पाण्यात पाहिलं होतं. आता फिट्टंफाट करायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. ती ते वाक्य यायची वाट बघत होती. तो म्हणाला, "कॉपी मी ठेवायला हवी होती. होईल होईल करत राहिलो." एवढंच. त्याने तिला एखादी शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस सगळे तिच्याशी गोडच वागले. मॅडम म्हणाल्या, होतं असं कधी कधी. शेजारीण म्हणाली, तुझा हेतू वाईट नव्हता ना. अण्णा ती दिसली की पाटीवर "चहा घेतलास?" एवढं लिहायचे आणि डोळे मिटायचे. ताई रात्रंदिवस तेच घोकत होती: विचारलं असतं तर? एका फोनचं काम होतं. छोट्या, हे काय आहे रे? पाचच शब्द, पण ते तिच्या तोंडून निघणार नव्हते, आणि त्यांची किंमत अण्णांनी मोजली.

मॅडमनी मग नवा मार्ग काढला. तयार आवाज असतात, त्यातला एखादा निवडता येईल. त्यांनी चार-पाच ऐकवले. एक बातम्या देणारा, एक भलताच लाडिक. अण्णांनी तोंड कडू केलं. "नाहीतर," मॅडम म्हणाल्या, "नात्यातलं कुणीतरी आपला आवाज देऊ शकतं. तुम्ही टाइप कराल ते त्यांच्या आवाजात येईल."

अण्णांनी बोट उचललं आणि छोट्याकडे रोखलं. क्षणभरही विचार केला नाही.

ताई चाटच पडली. बरोबरच होतं म्हणा, बापलेकांचा आवाज एकाच मुशीतला, फक्त छोट्याच्यात गडगडाट कमी. पण याचा अर्थ तिच्या मागाहून लक्षात आला. ज्या आवाजापासून ती इतकी वर्षं खोली सोडून पळाली, त्याच आवाजात आता अण्णा तिला हाक मारणार. जेवलीस का विचारणार. आजारी पडली तर औषध घे म्हणणार. जन्मभर. आणि ही सोय तिने स्वतःच्या हातांनी करून ठेवली होती.

जुनं घर हमरस्त्यावर, तिथे मालट्रकांची घरघर. शांत खोली ताईकडे होती. त्यामुळे छोट्या तिच्या घरी यायला लागला. मागच्या खोलीत कपाटासमोर बसून तो वाचायचा, निळी बरणी वरच्या फळीवर आहे, आणि ताई हेडफोन लावून शेजारी बसायची. शब्द कुठे अडखळला, कुठे खोकला आला ते सांगायची. "पुन्हा म्हण." "परत एकदा." सुरुवातीला दोघं तेवढंच बोलायचे. मग एकदा पाहुण्यांची गाडी चुकल्याच्या वाक्याला छोट्याला अण्णांचा वैताग आठवला, हसू फुटलं, आणि ताईलाही आवरेना. वाक्य पाचव्या खेपेला जमलं. रोजचं काम संपलं की ती तीन ठिकाणी कॉपी करायची आणि तिन्ही छोट्याला उघडून दाखवायची.

अण्णा घरी आले त्या सकाळी सगळं तयार होतं. आवाज तयार करून मॅडमनी पाठवला होता, छोट्याने तो लॅपटॉपवर बसवला होता. अण्णा खिडकीशी पलंगावर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले. टक, टक, बराच वेळ. ताई दाराशी उभी होती. पहिलं वाक्य काय असेल याचा तिने किती दिवस विचार केला होता. बहुतेक थट्टा असेल. नाहीतर परत तेच, जाऊ दे.

अण्णांनी बटण दाबलं. लॅपटॉपमधून छोट्याचा आवाज आला, जरा सपाट, पण स्वच्छ.

"ताई, मी तुझ्यावर फार रागावलोय."

छोट्या खुर्चीतून ताडकन उठला. "मी नाही हं बोललो!"

अण्णांनी हात वर करून त्याला गप्प केलं. अजून झालं नव्हतं. पुन्हा टक, टक. कपाळावर आठ्या, मान खाली, नळीतून श्वासाची घरघर.

"माझा आवाज होता तो. एकदा विचारायला तुझं काय जात होतं? तुमच्या अबोल्यापायी मी मुका झालो. आज मी तुझ्याशी बोलणार नाही."

त्यांनी लॅपटॉपचं झाकण खाडकन बंद केलं, हाताची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

ताईचे गाल भिजले होते आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं. इतके दिवस प्रत्येकाने, होतं असं म्हणत, तिला सोडून दिलं होतं, आणि त्या सोडून देण्याने ती आतून सोलवटली होती. आज पहिल्यांदा कुणीतरी तिला जबाबदार धरलं होतं.

"ताई," छोट्या हळूच म्हणाला, "खरंच, मी काही..."

"कळतं रे मला," ताई म्हणाली. "आवाज तुझा असू दे. रागावलेत अण्णाच."

ती पलंगाच्या कडेला, अण्णांच्या पायांशी बसली. त्यांनी पाय बाजूला घेतले नाहीत. पण दिवस मावळेपर्यंत ते तिच्याशी खरंच बोलले नाहीत.